सूर्य किती वाजता मावळतो?



लेकीचं लग्न ठरलं आणि आमच्या घरात याद्यांचा महिना सुरू झाला. साड्यांची यादी, आहेराची यादी, पापड-कुरड्यांची यादी. त्यात माघ महिन्यातल्या एका रविवारी पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, आम्ही दोघं लग्नानंतर युरोपला जायचं म्हणतोय. अजून जागा ठरली नाही."

मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवून नवी वही काढली.

आता तुम्ही म्हणाल, हनिमूनला जाणार पोरगी, वही कशाला काढली आईने? पण आपल्यातल्या बहुतेक आयांना हे कळेल. धारणीहून अमरावतीला जायचं तरी आपण आधी विचार करतो की परतवाड्याला किती वाजता पोचू, डबा कुठे खायचा, गाळलेलं पाणी किती बाटल्या घ्यायचं. इथे तर पोरगी दहा-बारा दिवस परक्या देशात जाणार. माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला, तोच मी वहीच्या पहिल्या ओळीवर लिहिला: तिथे सूर्य किती वाजता मावळतो?

लग्न वैशाखातलं. म्हणजे प्रवास मे अखेर ते जूनच्या पहिल्या पंधरवड्यात. आषाढातली अष्टान्हिका लागायच्या आत दोघं परत यायला हवीत, मग चातुर्मास. मी दुपारी दुकानाचा मुलगा जेवायला गेला की मोबाइल घेऊन बसायचे आणि एकेका गावाचा सूर्यास्त उतरवून घ्यायचे. आपल्याकडे जूनमध्ये सात-सव्वासातला दिवस बुडतो. पॅरिसला तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजून गेलेले असतात! प्रागला नऊ, व्हेनिसला नऊच्या जरा आधी, स्वित्झर्लंडच्या इंटरलाकेनला सव्वानऊच्या सुमारास. ग्रीसचं सँटोरिनी बेट जरा दक्षिणेला, तिथे साडेआठच्या पुढे. उत्तरेला जाल तसा दिवस लांबत जातो. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो गावात तर 20 मेच्या सुमारास वर आलेला सूर्य थेट 22 जुलैच्या सुमारास मावळतो. मधले दोन महिने दिवसच.

मी सासूबाईंना हे वाचून दाखवलं. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे. आजही सूर्यास्ताच्या दोन घडी आधी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं आधी, त्यांचं ताट घासून पालथं पडलेलं असतं. त्या म्हणाल्या, "काहून वं, सूर्य बुडतच नाई म्हनतेस, तं तिथले लोक झोपते कवा?"

मी म्हटलं, "तेच तर. आणि आपला नियम तिथे कसा धरायचा? सूर्य आहे म्हणून रात्री बाराला जेवलं तर चालेल का?"

त्यांनी जपमाळ बाजूला ठेवली. "सूर्य हाये म्हून खायाचं असते का? दिवसभर खाऊन झालं का तोंड मिटाचं, ते शिकाले नियम असते. सूर्य तं निमित्त हाये. तिले सांग, झोपाच्या दोन-तीन घंटे आधी जेवन आटप."

मला ते इतकं पटलं की मी तेही वहीत लिहिलं.

याउलट हिवाळा. डिसेंबरात पॅरिसला पाचच्या आत सूर्यास्त, प्रागला तर चार वाजताच. ख्रिसमसच्या रोषणाईचे फोटो सुंदर दिसतात, पण दुपारी साडेतीनला रात्रीचं जेवण आटपायचं म्हणजे फिरायचं कधी? सकाळी उजेडच आठ-साडेआठला. तुमच्या घरी मार्गशीर्षातलं लग्न असेल आणि मुलं नियम पाळणारी असतील, तर हे आधी बघून ठेवा.

दुसरं पान खाण्याचं. ते करताना माझे डोळे उघडले. आपल्याला वाटतं, चीज म्हणजे दूधच, चालेल. पण दूध फाडायला तिथे रेनेट वापरतात आणि पारंपरिक पद्धतीत ते वासराच्या पोटातून काढलेलं असतं. इटलीचं पार्मिजानो रेजानो आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर ही दोन्ही नावाजलेली चीजं त्याच रीतीची. हनिमूनच्या प्रत्येक व्हिडिओत जोडपं एका भांड्यात पाव बुडवून खाताना दिसतं, ते फोंड्यू. त्यात हेच चीज, वर पांढरी वाइन आणि भांड्याला आतून लसूण चोळलेला. इटलीचा रिसोटो म्हणजे भात, पण तो बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. ताज्या पास्त्यात अंडं असतं. सुका पास्ता मात्र बहुतेक नुसत्या रव्याचा. फळांचं सॉर्बे दूध-अंड्याशिवाय होतं, पण आइस्क्रीम घेताना विचारायचं.

एक सोय चांगली आहे. युरोपियन युनियनमधल्या देशांत पाकिटावर अंडं, दूध, गहू असे ॲलर्जीचे चौदा पदार्थ ठळक अक्षरांत छापावेच लागतात, हॉटेलांनाही ती माहिती द्यावी लागते. म्हणजे भाषा आली नाही तरी अंड्याचा शब्द पाठ केला की काम होतं. पण रेनेट त्या यादीत नाही. ते शोधावं लागतं. आणि जूनमध्ये तिथे चेरी, स्ट्रॉबेरी, जर्दाळू यांचे बाजार भरतात. सकाळी एक पिशवी भरून घेतली की दिवसाची काळजी मिटते.

तिसऱ्या पानावर मंदिरं. बेल्जियममध्ये अँटवर्पजवळ विल्राइकला संगमरवरी जैन मंदिर आहे, हिऱ्याच्या धंद्यातल्या आपल्या गुजराती जैन कुटुंबांनी बांधलेलं. इंग्लंडात लेस्टरला एका जुन्या चर्चच्या इमारतीत जैन मंदिर केलं आहे, त्याची प्रतिष्ठा 1988 साली झाली. आपला दिगंबर आणि श्वेतांबर, दोन्ही आम्नाय तिथे एकाच छताखाली आहेत. पण इंग्लंडचा व्हिसा वेगळा निघतो. म्हणून मी बेल्जियमवर खूण केली.

चार दिवसांनी लेक सुट्टीवर घरी आली. मी मोठ्या उत्साहाने वही पुढे केली. तिने तिन्ही पानं नीट वाचली, मधे मधे हसली. मंदिरापाशी म्हणाली, "आई, मी हनिमूनला चाललेय, तीर्थयात्रेला नाही."

"तुझे बाबा आणि मी लग्नानंतर आधी मुक्तागिरीलाच गेलो होतो," मी म्हटलं.

ती काही बोलली नाही. वही मिटली आणि खालमानेने म्हणाली, "आई, हे सूर्यास्ताचं पान तू माझ्यासाठी केलंस की तुझ्यासाठी?"

"म्हणजे?"

"मी रात्री जेवते, आई. नोकरी लागल्यापासून. ऑफिसातून निघायलाच साडेसात होतात. पहिलं वर्ष खूप ओढाताण केली. संध्याकाळी मशीनमधली बिस्किटं खाऊन झोपायचे. मग सुटलं. कांदा-लसूण, जमिनीखालचं अजून खात नाही. पण रात्रीचं सुटलं. तुला सांगायची हिंमत होत नव्हती."

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, मला लागलं. रात्रीचं सुटलं हे तर होतंच, पण चार वर्षं रोज संध्याकाळी मी फोनवर विचारायचे, "जेवलीस का गं वेळेवर?" आणि ती "हो" म्हणायची, ते जास्त लागलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले. पातेली घासलेली होती ती पुन्हा घासली.

थोड्या वेळाने ती मागे येऊन उभी राहिली. मी विचारलं, "आणि त्यांना? ते तर अष्टमी-चतुर्दशी आणि चातुर्मास पाळतात म्हणून त्यांच्या आईने सांगितलं होतं. त्यांना ठाऊक आहे?"

"त्याला पहिल्या भेटीतच सांगितलं. म्हटलं, मी हे पाळत नाही, पाळेन असं वचनही देत नाही. मनात आलं तर माझं मी पुन्हा घेईन. तो म्हणाला, माझा नियम माझा आहे. मी लवकर जेवेन आणि तू जेवशील तेव्हा तुझ्यासोबत बसेन."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. कारण मला एकदम चिखलदरा आठवला.

ही गोष्ट मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही. आमचं लग्न 1996 च्या मे महिन्यातलं. माझं माहेर कारंजा. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात "दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे" आला होता आणि आम्ही मैत्रिणींनी तो अमरावतीला जाऊन पाहिला होता. ते हिरवे डोंगर, त्या गाई, ती आगगाडी. स्वित्झर्लंड हे नाव तेव्हापासून मनात होतं. पण धारणीच्या किराणा दुकानदाराच्या सुनेला स्वित्झर्लंड कुठलं? आम्ही एस.टी.ने परतवाड्याला गेलो, तिथून मुक्तागिरी. धबधबा उन्हाळ्याचा आटलेला. पायऱ्या चढून बावन्न मंदिरांचं दर्शन केलं, आणि दुसऱ्या दिवशी चिखलदरा. तीन रात्री.

मी लहानपणापासून रात्री जेवत नव्हते. हे मात्र जेवायचे. दुकान नऊला बंद होई, सासरे आणि हे मग जेवत. चिखलदऱ्याला आम्ही संध्याकाळी एखाद्या पॉइंटवर जायचो, सूर्यास्त बघत बसायचो, अंधारात परत यायचो. मग हे जेवण मागवायचे. मी म्हणायचे, "मला भूक नाही." पाणीही प्यायचे नाही. पोटात कावळे ओरडायचे, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसायचे. "आपण सूर्यास्ताच्या आधी जेवू या का?" एवढंच वाक्य बोलायचं होतं. तीन दिवसांत ते तोंडातून निघालं नाही. नव्या नवऱ्याला वाटेल, आली मोठी धर्मात्मा. तो सूर्यास्त बघायला इतका हौसेने घेऊन जातोय, त्याला मधेच कसं उठवायचं? चौथ्या दिवशी घरी आलो आणि सासूबाईंनी सहा वाजता हाक मारली, "ये वं पोरी, जेवून घे." त्या दिवशी मी चार भाकरी खाल्ल्या. पुढे घरात त्यांच्यासोबत माझं आपोआप होत गेलं, सांगायची वेळच आली नाही. हे आजवर समजत आले की मी नियम इथे येऊन सासूबाईंकडून घेतला.

आणि पाहुण्यांत बसले की हे नेहमी हसत सांगतात, "चिखलदऱ्याला हिला तीन दिवस भूकच लागत नव्हती, इतकी लाजायची."

मी लेकीला हे सगळं सांगितलं. ती ओट्याला टेकून ऐकत होती. म्हणाली, "तीस वर्षं, आई?" मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसता हसता दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिच्यावर रागावायचं होतं, पण जी गोष्ट मला जमली नव्हती ती तिने पहिल्याच भेटीत केली होती. नियम माझा शाबूत राहिला, पण नवऱ्याशी खरं बोलायचं राहून गेलं. तिचा नियम सुटला, पण ती त्याच्याशी खरं बोलली. माझ्याशी मात्र चार वर्षं नाही बोलली, आणि त्याला माझी ती रोजची विचारणाही कारण असेल, हे मी नंतर रात्री पडल्या पडल्या कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी मी वही तिच्या हातात दिली आणि म्हटलं, "यातलं हवं ते घे, नको ते फाड. जागा तुमची तुम्ही ठरवा."

त्यांनी कसं ठरवलं ते सांगते, कारण तुमच्या मुलांना उपयोगी पडेल. दोघांनी आधी वेगवेगळ्या कागदांवर लिहिलं की आपल्याला दिवस कसा हवा आहे. गावांची नावं लिहायची नाहीत, दिवस लिहायचा. तिने लिहिलं: गजर नको, पाणी दिसावं, रोज बॅग भरायला लागू नये. त्याने लिहिलं: डोंगर, आगगाडी, आणि खोलीत चूल. मग नकाशा उघडला. पॅरिस दोघांच्या कागदात बसेना. मोठं शहर, रांगा. सँटोरिनीला सगळं गाव संध्याकाळी इया नावाच्या टोकाशी सूर्यास्त बघायला लोटतं. ती त्याला म्हणाली, "तिथे जग सूर्यास्त बघत असेल आणि तू घड्याळ बघत असशील." व्हेनिस राहिलं. पण तिथे गर्दीच्या ठरावीक दिवशी मुक्काम न करता नुसतं फिरून जाणाऱ्यांना 2024 पासून प्रवेशाचे पैसे पडतात, म्हणून जायचं तर रात्रीचा मुक्कामच करायचा ठरला.

शेवटी निघालं ते असं: इंटरलाकेनजवळ तळ्याकाठच्या एका गावात सात दिवस, स्वयंपाकघर असलेली खोली. तिथून आगगाडीने आल्प्स ओलांडून मिलानमार्गे व्हेनिस, तीन दिवस. दोन देश, दोन मुक्काम, बस्स. आजकाल दहा दिवसांत सहा देशांच्या सहली असतात. शेजारच्या एका जोडप्याने परत आल्यावर सांगितलं की त्यांना फक्त बस आठवते.

व्हिसाचं थोडक्यात. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तिथलं चलनही फ्रँक. पण तो शेंगेन करारात आहे, म्हणून दोन्ही देशांना एकच व्हिसा चालतो. अर्ज जिथे जास्त दिवस राहायचं त्या देशाकडे करायचा. फी 90 युरो, प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोचा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. लग्नाच्या धावपळीत तो शेवटावर ठेवू नका. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं. आणि मुलीच्या पासपोर्टवर माहेरचं नाव असेल तर तिकिटंही त्याच नावाने काढा. सासरच्या हौसेने तिकिटावर नवं नाव घातलं तर विमानतळावर अडचण होईल.

डब्यात मी खाकरे, मेतकूट, भाजणी आणि मुगाची डाळ दिली. कुकर तिने नेला नाही, मी फार आग्रह केला नाही. ही माझ्यासाठी केवढी मोठी गोष्ट, हे माझ्या घरचेच जाणतात.

जूनमध्ये तिचा इंटरलाकेनहून फोन आला. ती दोघं 3,454 मीटरवरच्या युंगफ्राउयोखला जाऊन आली होती. 1912 पासून तिथे डोंगराच्या पोटातून आगगाडी जाते. "आई, आपला चिखलदरा अकराशे मीटर आहे ना? तसे तीन एकावर एक ठेव," ती म्हणाली. मग आपणहून म्हणाली, "इथे आठ वाजता लख्ख ऊन असतं. आम्ही दोघं साडेसातला खोलीत खिचडी करतो, त्याच्यासोबत माझंही होतं. नियम नाही घेतला हं. नुसतं होतंय." मी फक्त "बरं" म्हटलं. "जेवलीस का वेळेवर" हे विचारलं नाही.

फोन ठेवला तेव्हा हे शेजारीच बसले होते. सासूबाई आत झोपल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, एक सांगू? चिखलदऱ्याला मला भूक लागत होती." आणि सगळं सांगितलं.

हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तीन दिवस उपाशी बसलीस? आणि मी तीस वर्षं लोकांत हसत सांगतोय?" थोड्या वेळाने पुन्हा, "मला सांगायचं होतंस गं. मला काय, सूर्यास्त रोजच होतो."

पहिला पाऊस पडून गेल्यावरच्या एका सोमवारी यांनी दुपारीच दुकान बंद केलं. मी दशम्या आणि दह्यातली चटणी बांधून घेतली. हरिसाल, सेमाडोह, मग घाट. चिखलदऱ्याला देवी पॉइंटच्या अलीकडे एका दगडावर बसून आम्ही साडेपाचला डबा उघडला. सहा वाजायच्या आत डबा रिकामा, पाणी पिऊन झालं. यांनीही तेव्हाच खाल्लं. ढग होते, सूर्यास्त काही दिसला नाही. अंधार पडेपर्यंत मात्र बसलो. या खेपेला माझं पोट भरलेलं होतं.

मैत्रिणींनो, घरात लग्न असेल आणि मुलं जागा शोधत असतील, तर माझी तीन पानं खुशाल उतरवून घ्या आणि त्यांच्या हातात द्या. वर आपला हात ठेवू नका. आणि लेकीला एवढं मात्र सांगा, की बाई, कुठेही जा. पण भूक लागली की लागली म्हण.

जय जिनेंद्र.